थोरलीचा शॉकअप

“हा टॉर्च आहे की काजवा?” गाडीखालून हे पुटपुटले. “एक बोल्ट दिसेल तर शपथ!”

ऊन डोक्यावर होतं. फरशी एवढी तापलेली की मी बसायला चिंध्यांची उशी घेतली होती. यांचे पाय जीपखालून बाहेर, बाकी सगळा माणूस आत, आणि मी टॉर्च धरून चाकाच्या जागी वाकलेली. खरं तर टॉर्चची गरजच नव्हती. मागचं चाक काढून ठेवलं होतं आणि त्या मोकळ्या जागेतून ऊन सरळ आत शिरत होतं. मला गंजाचे पापुद्रेसुद्धा मोजता आले असते.

“अजून जवळ धरू का?”

“धर. आणि हलवू नकोस. मशीनवर बसल्यासारखी काय थरथरतेस?”

बोल्ट यांच्या नाकासमोर होता. यांचा हात त्याच्या शेजारून गेला, वर चाचपडला, खाली आला आणि मग सापडला. एकदा हाताला लागल्यावर मात्र पाना असा बसला की जसा काही तिथेच जन्मला होता.

“कुणी आवळलाय हा? कुठल्या राक्षसानं?”

“तुम्हीच. मागच्या वेळी.”

“मग बरोबर आवळलाय,” हे म्हणाले आणि जोर लावायला लागले.

जीपला आमच्याकडे थोरली म्हणतात. ती आधी घरात आली, मुलगी नंतर. म्हणून ही थोरली आणि मुलगी धाकटी. मुलगी लहानपणी यावरून रुसायची. “मलाही शेडमध्ये झोपवा, म्हणजे बाबा रोज पुसतील तरी,” म्हणायची. याच थोरलीतून यांनी वरच्या पठारावर माणसं नेली, सिमेंट नेलं, एकदा तर एक पियानो नेला, आणि त्याची एकही पट्टी बेसूर झाली नाही हे अजून सांगतात. पठारावर हवामान केंद्र आहे. तिथवर जाणारा रस्ता म्हणजे पावसाचं पाणी उतरायची वाट. गाड्यांना तिथून परवानगी आहे एवढंच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही. जावई त्या केंद्रात नोकरीला, म्हणून मुलगी लग्नानंतर वर गेली, तीही थोरलीतूनच.

आता जावयाची बदली झाली होती. सामान उतरवायला ऑफिसचा ट्रक येणार होता, आणि पुढच्या केबिनमध्ये मुलीला आणि आमच्या तान्ह्या नातीला ऐसपैस जागा होती. पण मुलीनं फोनवर सांगून टाकलं, “ट्रकबिक काही नाही. बाबा, मी थोरलीतून वर आले, थोरलीतूनच खाली येणार. तुम्ही या न्यायला.”

“येतो की,” हे म्हणाले. “विचारायचं काय त्यात!”

विचारायचं बरंच होतं, पण ते मुलीला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं मला, यांना आणि माझ्या दिरांना. आम्ही तिघं मिळून ते एवढं जपून ठेवत होतो की एकमेकांनाही दाखवत नव्हतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी यांच्याबरोबर गेले होते. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. आत कुठेतरी ठिपका चमकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसून त्या बटणाचा आवाज ऐकत होते. आधी टक, टक असा येत होता. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, तपासणी संपली. मी पर्सही उचलली. संपली नव्हती.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी नीट समजावलं. समोरचं ठीक आहे, पण बाजूचं दिसणं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं. मी शिवणारी बाई, मला ते माझ्या परीनं कळलं: शिवलेल्या बाहीला डोळा लावून जग बघायचं. बाहीपुरतं सगळं लख्ख, आणि बाहीबाहेर काहीच नाही. आणि गाडी, बाई म्हणाल्या, आता चालवू नका.

जिना उतरताना यांनी कठडा घट्ट धरला होता. खाली आल्यावर म्हणाले, “समोरचा चहा बरा असतो म्हणे.” आम्ही चहा घेतला. माझं बिस्कीट कपात पडलं, ते मी चमच्यानं काढून खाल्लं. यावर आमचं एवढंच बोलणं झालं. तेव्हापासून मी रोज थेंब घालते, हे रोज वर बघतात, आणि आम्ही दोघं छताबद्दल बोलतो. रंग काढायला हवा वगैरे.

आणि त्याच सुमाराला थोरलीचा मागचा शॉकअप गळायला लागला. एवढ्या वेळेवर बिघडलेलं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नाही. तेल गळून नळी ओली, आणि गाडी मागून अशी नाचायची की मागे बसलेल्याची टोपी छताला लागावी. ते मॉडेल बनायचं कधीच बंद झालेलं. माझ्या दिरांचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. यांनी त्यांना विचारलं, आणि भाऊजी म्हणाले, “नाही रे दादा, त्या गाडीचा आता मिळत नाही.”

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, माळ्यावर जोडी आहे. पण पडू दे तिथेच.” परवाच यांचा खांदा दुकानाच्या दरवाजाला धडकलेला त्यांनी पाहिला होता. उघड्या दरवाजाला. मी म्हटलं, “पडू दे.”

झालं. तेव्हापासून कुणी विचारलं, थोरली का उभी, तर शॉकअप मिळत नाही. यांनीही तेच सांगायचं, मीही तेच. केवढी सोय झाली होती त्या गळक्या नळीमुळे! मला तर तिचा लळा लागला होता.

पण मुलीचा फोन ठेवला आणि हे म्हणाले, “त्याच मॉडेलचा कशाला हवा? दुसऱ्या गाडीचा बसवू.”

दुसऱ्या दिवशी हे दुकानातून दोन शॉकअप खांद्यावर टाकून घेऊन आले. पाठोपाठ भाऊजींचा मला फोन. “घाबरू नका वहिनी. व्हॅनचे दिलेत. लांबीला जास्त, कडीचं भोक मोठं, थोरलीच्या पिनेवर खुळखुळ्यासारखे वाजतील. बसणारच नाहीत.”

“आणि बसवले तर?”

“अहो, या धंद्यात केस पिकले माझे.”

“धंदा शिकवला कुणी तुम्हाला?”

भाऊजींनी फोन ठेवून दिला. धंदा यांनीच शिकवला होता.

तर जुना शॉकअप निघाला. हे बाहेर सरकले, पाठीला धूळ, कपाळाला काळं, चेहरा कसा तर बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखा. जुनी नळी मांडीवर घेऊन त्यांनी ती दाबली. ती मुकाट्यानं आत गेली आणि आतच राहिली.

“बघ. जीवच नाही उरला. दाबलं की दबतोय.”

“याचं काम असतं तरी काय?” मी विचारलं. मला माहीत होतं, पण यांना सांगायला आवडतं, आणि मला तेव्हा यांनी काहीही सांगत राहायला हवं होतं.

“ओझं पेलतात ते स्प्रिंगचे पाटे. शॉकअप ओझं पेलत नाही. खड्ड्यातून गाडी उसळली की तिला आवरायचं, एवढंच याचं काम. हा नसला की एका खड्ड्याला गाडी दहादा नाचते, चाक जमीन सोडतं. आणि वळणावर चाकानं जमीन सोडली, की मग...” त्यांनी हात नुसता हवेत सोडला.

“म्हणजे पाटे तुम्ही आणि शॉकअप मी.”

“अगदी. म्हातारपणी कुरकुरतोसुद्धा तोच.”

“माझी मापाची टेप परत द्या.”

“टेप राहू दे, लागणार आहे. खालच्या पिनेपासून वरच्या पिनेपर्यंत धर. गाडी आपल्या वजनावर उभी असताना माप घ्यायचं, लटकलेली असताना नाही. माणसाचं मापही तू उभं करूनच घेतेस ना, तसं. आता वाच बघू. माझा चष्मा आत राहिला.”

चष्मा खिशात होता. टोकं दिसत होती.

मी टेप धरली. यांचं तोंड माझ्याकडे होतं, नजर बरोबर माझ्या तोंडावर, बाहीतून बघितल्यासारखी एकाग्र. दोन बोटं कमी सांगितली असती तर संपलं असतं. लांब आहे, बसत नाही, ठेवा परत. भाऊजी सुटले असते, मीही सुटले असते. पण जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या बाईला बाकीचं खोटं जमतं, माप खोटं सांगता येत नाही. होतं तेवढंच सांगितलं.

“हं. व्हॅनचा लांब आहे,” हे म्हणाले. “नुसता टांगला तर मोठ्या खड्ड्यात गाडी बसली की हा आधी टेकेल, आणि वरची पिन तोडेल. म्हणजे खालची जागा आणखी खाली न्यायची.” आणि लगेच लोखंडाच्या तुकड्यावर खडूनं रेघ मारायला बसले. रेघ तिरकी गेली. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली आणि दुसऱ्यांदा पट्टीच्या कडेला बोट लावून, बोटाच्या आधारानं मारली. ती सरळ आली.

तेवढ्यात भाऊजी आले. शॉकअप बसत नाही हे डोळ्यांनी बघायला आले होते, हातात बिस्किटांचा पुडा, सांत्वनाला आल्यासारखा.

“काय दादा, नाही ना बसत? मी म्हटलं होतं...”

“बरा आलास. वेल्डिंग तू कर. मला हल्ली ठिणग्या सोसत नाहीत.”

“मी?”

“मग काय तुझी वहिनी करणार? पुडा तिच्याकडे दे.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी पुडा घेतला. दुसरं काय करणार? भाऊजी काळी काच तोंडावर धरून बसले आणि आपल्या हातांनी ती नवी पट्टी थोरलीला जोडू लागले. मोठ्या भावासमोर काम वाईट करणं त्यांना जमत नाही. असा सांधा केला की मी जन्मात तशी शिवण घातली नसेल. मग दुसऱ्या बाजूलाही. शॉकअप बदलायचे तर जोडीनं, नाहीतर गाडी एका अंगानं लंगडते, असं यांनीच त्यांना कधीतरी शिकवलेलं.

भोक मोठं होतं त्याचं काय, तर यांनी पाण्याच्या नळाची जुनी नळी शोधून आणली, तिचा करवतीनं तुकडा पाडला आणि तो कडीत अंगठ्यानं दाबून बसवला. बघत नव्हतेच. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि बोटं आपली आत फिरताहेत, कड चाचपताहेत, कानस फिरवताहेत, परत चाचपताहेत. पिनेवर चढवला तेव्हा किंचित “टप” झालं.

“खुळखुळतोय का रे?” यांनी भावाला विचारलं.

भाऊजींनी तो हलवून बघितला. पुन्हा बघितला. “नाही,” ते म्हणाले, एखाद्याचा निकाल सांगावा तसे.

“आता मधे रबर हवं. तुझी कात्री आण गं.”

“कापडाची कात्री? रबराला? मी मेले तरी देणार नाही.”

“मग तू काप.”

आणि मी कापलं. ट्यूबचा तुकडा घेतला, वाटी उपडी ठेवून गोल आखला आणि माझ्या कापडाच्या कात्रीनं कापून यांच्या हातात दिला. नेमका बसला. यांनी नट आवळला, पडल्या पडल्याच हात पुसला, आणि हसले. दुपारभर आम्ही तिघं खपलो होतो, आणि थोरली उभी ठेवायला जे एकच कारण आमच्याकडे होतं ते आम्ही तिघांनी मिळून, तिघांच्या हुन्नरानं, दुरुस्त करून टाकलं होतं.

चाकं चढवली. भाऊजी अंगानं भरलेले. त्यांना मागे उभं करून यांनी उड्या मारायला लावल्या. “अजून! लाजतोस काय नवरीसारखा?” थोरली एकदा खाली बसली, वर आली आणि थांबली. एकदाच. कुठे टेकली नाही, कुठे वाजली नाही.

“चला,” हे म्हणाले. “एक चक्कर.”

मला ‘नको’ म्हणता आलं असतं. भाऊजींनाही आलं असतं. पण यांनी सीटवर बसून स्टिअरिंगवरची धूळ बाहीनं पुसली, आणि ते पुसणं बघितल्यावर भाऊजी गुपचूप मागे चढले, मी पुढे.

घरामागच्या मोकळ्या माळावरून नेली. यांना तिथला खड्डा न् खड्डा पाठ. खोल चरातून गाडी गेली, मी सवयीनं दांडा धरला, आणि काहीच झालं नाही. थोरली नुसती श्वास सोडल्यासारखी खाली गेली आणि वर आली.

“बघितलंस? बघितलंस का?” हे म्हणाले. “व्हॅनचा म्हणे! आपल्या मुलीला झोप लागेल यात. आणि नातीला काय, पाळणाच.” मान ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तरुणपणी बसायचे तसेच. मी मनातल्या मनात रस्ता पुढे नेत होते, पठारापर्यंत, डोंगर एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. त्या काही नसलेल्या अंगाचं यांना काहीच दिसणार नव्हतं, आणि मागे मांडीवर ती मूठभर पोर. तरी मी म्हणाले काय, तर “छान बसलाय.”

माळ संपवून गल्लीत वळलो. आमच्या फाटकाच्या अलीकडे शेजारीणबाई सायकल हातात धरून येत होत्या, कॅरिअरवर कपड्यांचं गाठोडं. त्या डाव्या हाताला होत्या, आणि थोरली डावीकडे वळत होती. हे त्यांना नेहमी हॉर्न वाजवून दचकवतात आणि त्या यांना शिव्या देतात. वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. यांनी हॉर्न वाजवला नाही. वेगही कमी केला नाही. मी “अहो!” म्हणेपर्यंत बाई सायकलसकट भिंतीला चिकटल्या, आणि थोरली त्यांच्या गाठोड्याला घासून फाटकातून आत गेली.

इंजिन बंद झालं. बाई मागून आल्याच.

“काय हो! गाडीला नवा माल बसवला की शेजाऱ्यांची ओळख विसरायची का? चिणलंच असतं की मला भिंतीत!”

त्या हसत होत्या. एका हातानं सुटलेलं गाठोडं सावरत होत्या. यांनी मान वळवली, नुसती नजर नाही, सगळी मान, आवाजाच्या दिशेनं, आणि बाई सापडेपर्यंत वळवत राहिले.

“कुठे होतात तुम्ही?”

“कुठे म्हणजे? इथेच! तुमच्या दाराशी!”

बाईंनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचं हसू थांबलं. “बरं, कपडे खाली पडतील,” असं काहीतरी म्हणत त्या निघून गेल्या.

“तो आरसा तिरका आहे दादा,” मागून भाऊजी म्हणाले. “मी करून देतो सरळ.”

“हो, तिरकाच आहे,” मी म्हणाले.

हे खाली उतरले, गाडीला हात लावत लावत मागे गेले आणि नव्या शॉकअपवर तळवा ठेवून उभे राहिले. गरम झाला असेल. चालला की गरम होतो, ती त्याच्या कामाची खूण.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगी. माझे हात रबरानं काळे झालेले, म्हणून मी तो बॉनेटवर ठेवून आवाज मोठा केला.

“आई, झाली का गं थोरली? काका म्हणत होते बसणार नाही म्हणून.”

“बसला,” मी म्हणाले.

“मला माहीतच होतं! बाबा आहेत का तिथे? बाबा, मग येताय ना? इथे ट्रकवाल्यांना मी सांगून टाकू ना, की मी नाही येत तुमच्याबरोबर म्हणून?”

मागे बाळाचा आवाज येत होता. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मी माझ्या हातांकडे, आणि मग भाऊजी फोनवर वाकले.

“अगं, शॉकअप बसला गं, पण आता चालवून बघितली ना, तर क्लच जरा... क्लच घसरतोय बघ. डोंगराला क्लचचा भरवसा नको. त्याची प्लेटही हल्ली लवकर मिळत नाही.”

“काहीतरीच काय बोलतोस?” हे मागूनच म्हणाले.

गाडीच्या कडेला हात लावत ते पुढे आले. बॉनेटवर चाचपून फोन उचलला, तोंडाजवळ धरला. दुसरा हात थोरलीच्या पत्र्यावर होता.

“क्लच उत्तम आहे,” ते म्हणाले. “शॉकअपही उत्तम बसलाय. तुझ्या काकानं आणि आईनं झकास काम केलंय. थोरलीला काही झालेलं नाही बाळा, तिच्या नावानं काही खोटं ऐकू नकोस. तू ट्रकमधून ये. मला दिसत नाही.”